ओटा तसाच राहिला

जुनं स्वयंपाकघर रंगवून नवं होत नाही, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. करायचं तर सगळं तोडून नव्याने करा, नाहीतर आहे तसं चालू द्या. मधला मार्ग म्हणजे वरवरची मलमपट्टी. या मताला कारणही होतं. लहानपणी आमच्या चाळीतल्या खोलीला दर दिवाळीआधी चुना लागायचा आणि पुढच्या पावसाळ्यात तीच ओल त्याच कोपऱ्यातून वर यायची. रंग म्हणजे झाकपाक, हे तेव्हापासून मनात बसलं होतं.

आता मला तसं वाटत नाही. पैसे साठेपर्यंत स्वयंपाकघराकडे डोळेझाक करणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

ऐंशीच्या दशकातल्या डोंबिवलीच्या इमारतींत असायचं तसंच आमचं स्वयंपाकघर: काळ्या कडाप्प्याचा ओटा, मागे पांढऱ्या चौकोनी टाइल्स, खाली तपकिरी सनमायकाची कपाटं, वर माळा. मॉड्युलर किचनचा अंदाज लाखांत गेला. मापं घ्यायला आलेल्या सुतारांनी मात्र कपाटाचं दार उघडलं, चौकटीवर बोटांनी ठोकून पाहिलं, बिजागरीचे स्क्रू पिळून बघितले आणि म्हणाले, "वहिनी, चौकट सागवानी आहे. असा माल आता परवडायचा नाही. घासून रंगवा, अजून वीस वर्षं हलणार नाही." स्वतःचं मोठं काम सोडून देणाऱ्या माणसाचा शब्द मला मोडवेना.

मग मी स्वतःच हात घातला, आणि रंगकामाचा बराचसा भाग रंगाच्या आधीच असतो हे कळलं. फोडणीचा धूर वर्षानुवर्षं बसून कपाटांवर तेलाचा चिकट, पिवळट थर झालेला असतो. त्यावर कुठलाच रंग धरत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे चढवून तो आधी उतरवायचा, साध्या पाण्याने पुसून नीट वाळू द्यायचं. सनमायकाची चकाकी 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घालवायची, मग प्राइमर, मग रंगाचे पातळ हात. पहिला हात विरळच दिसतो. तो झाकायला म्हणून दुसरा जाड दिला की ओघळ उतरतात. काही तासांत रंग हाताला कोरडा लागतो, पण पक्का व्हायला आठवडाभर तरी घेतो. तोवर दारं किलकिली ठेवली नाहीत, तर ती चौकटीला चिकटतात.

जुना ऑइलपेंट असेल तर जास्त जपायला हवं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून वॉटर पेपरने घासावा, मास्क लावावा, मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नये.

हे सगळं करताना माझी नजर बदलत गेली. टाइल्स मला जुनाट वाटायच्या. सांध्यांतलं काळं पडलेलं सिमेंट खरवडून तिथे इपॉक्सी भरलं, तेव्हा टाइल्स अजून लख्ख आहेत हे दिसलं. शेगडीमागे आणि सिंकजवळ उष्णतेने, पाण्याने रंगाचे पोपडे निघतात, म्हणून त्या रंगवल्या नाहीत. सिंकखालचं कपाट रिकामं केल्यावर पाइपाची बारीक गळती सापडली. आधी प्लंबर बोलावला, मग ब्रश उचलला. कडाप्प्यावर लिंबू-चिंचेचे फिके डाग आहेत. तो चुनखडीचाच दगड, आंबट त्याला खातं. पण त्याच दगडाने इतकी वर्षं खलबत्त्याचे घाव सोसलेत. तो काढून टाकायचा विचार आता मनातही येत नाही.

रंगाने सगळं भागतं असं मात्र मी म्हणणार नाही. भिंतीत ओल असेल, लाकडाला वाळवी असेल, तर रंगावर पैसे घालवू नयेत. ओटा उंचीला चुकला असेल आणि रोज कंबर धरत असेल, तर तो खुशाल तोडावा. तिथे काटकसर करू नये.

आमच्याकडे रंग, प्राइमर, पेपर, नव्या मुठी असं सगळं मिळून मॉड्युलरच्या खर्चाचा दहावा हिस्साही झाला नाही. उरलेल्यातून ओट्यावर चांगला दिवा आणि दमदार एक्झॉस्ट फॅन बसवला. रोज तिथे उभं राहणाऱ्या माणसाला त्याचाच खरा उपयोग. तुमच्याही मनात असेल तर पाऊस ओसरला की एकच दार उतरवा, धुवा, घासा, रंगवा. बाकीच्यांचं काय करायचं ते मग ठरवता येईल.