हिवाळ्याची नोंदवही

थंडी हा शब्द ऐकला, की माझ्या डोळ्यांपुढे दोन गावे उभी राहतात. एक आमचे निफाड तालुक्यातील गाव आणि दुसरे इंग्लंडमधील शेफिल्ड शहर. एकात थंडी द्राक्षाच्या मण्यांवर उतरते. दुसऱ्यात ती बर्फ होऊन साऱ्या शहरावर पसरते. दोन्हीकडची माणसे मात्र एक गोष्ट सारखीच करतात. थंडी ओसरली, की ती एकत्र बसतात आणि कोणाचे काय गेले, काय वाचले, याचा हिशेब मांडतात. अशाच एका हिशेबाच्या वेळी मला माझी एक चूक चार लोकांत सांगावी लागली होती. ती गोष्ट आज सांगणार आहे.

आमचे आबा द्राक्षबागायतदार. महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातमीत निफाडचे नाव हमखास असते. जानेवारीच्या एखाद्या रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरला, की आबा झोपत नसत. भरत आलेले मणी अशा थंडीत तडकतात आणि वर्षाची मेहनत डोळ्यांदेखत वाया जाते. म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, विहिरीचे पाणी बागेत सोडायचे. विहिरीचे पाणी गार पडलेल्या मातीहून उबदार असते, हे मला आबांनीच दाखवले. सकाळी गावातल्या पारावर मंडळी जमत. कोणी शेकोटी किती वाजता पेटवली, कोणाच्या बागेत वारा कुठून आला, कोणते घड तडकले, याची चर्चा चाले. लहानपणी मला ती नुसती रिकामी बडबड वाटे.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे शेफिल्डमध्ये होतो. हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे आणि टेकड्यांच्या मधून नद्या वाहतात. पोलादाच्या कारखान्यांसाठी ते जगभर ओळखले जाते. मला मात्र ते तिथल्या उतारांवरच्या मळ्यांमुळे आवडले. इंग्लंडमध्ये नगरपालिका नागरिकांना नाममात्र भाड्याने जमिनीचे तुकडे देते. त्यांना 'अ‍ॅलॉटमेंट' म्हणतात. १९०८ च्या कायद्याने ही सोय पक्की केली. पूर्ण तुकडा सुमारे अडीच गुंठ्यांचा असतो. त्यात कोणी बटाटे लावतो, कोणी फुले, कोणी फळझाडे. शेतकऱ्याच्या मुलाला परदेशात अडीच गुंठे मिळाले, याचा मला आणि आबांना सारखाच आनंद झाला होता. दर रविवारी दूरध्वनीवर आबा आधी मळ्याची खुशाली विचारत आणि मग माझी.

माझ्या शेजारचा तुकडा एका वृद्ध बाईंचा होता. मी त्यांना मनातल्या मनात 'आजी' म्हणत असे. त्यांच्या मळ्याच्या कोपऱ्यात 'बे' नावाचे एक सदाहरित झाड होते. आपल्या तमालपत्राच्याच कुळातले ते झाड. तिकडे त्याची पाने रश्शात घालतात. आजींच्या यजमानांनी ते लावले होते. यजमान गेल्यावरही आजी त्याची एकेक पाने तोडून शेजाऱ्यांना वाटत असत. मलाही त्यांनी पहिल्या भेटीत दिली ती त्या झाडाची चार पानेच. २०१० च्या नोव्हेंबरात आजी घरात पडल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. रुग्णालयात भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी चालू लागेपर्यंत माझ्या मळ्यावर लक्ष ठेवशील ना?" मी आनंदाने होकार दिला.

त्याच महिन्याच्या अखेरीस बर्फ पडू लागला. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी दार उघडले, तर अंगणात गुडघ्याइतका बर्फ साचला होता. आता थांबेल, मग थांबेल, असे म्हणता म्हणता सगळा महिना गेला. ब्रिटनमध्ये १९१० पासून देशभराच्या ज्या नोंदी ठेवल्या आहेत, त्यांतला तो सर्वांत थंड डिसेंबर ठरला. उत्तर आयर्लंडमधील कॅसलडर्ग येथे २३ डिसेंबरला पारा शून्याखाली १८.७ अंशांपर्यंत उतरला. विमाने खोळंबली, रस्ते बंद झाले, घराघरांतले नळ गोठले. मळ्यावर जायचे तर वाट कुठे आणि वाफा कुठे, हेच कळत नसे. सगळीकडे एकच पांढरी शांतता.

जानेवारीत बर्फ वितळला आणि खरे रूप दिसू लागले. आजींच्या झाडाची पाने करपल्यासारखी तपकिरी झाली होती. हात लावला की चुरा होई. मी नखाने एका फांदीची साल खरवडली. आत हिरवा थर दिसला, तर फांदी जिवंत, हे मला ठाऊक होते. हिरवे काही दिसले नाही. दुसरी, तिसरी, चौथी फांदी पाहिली, सगळ्या कोरड्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी फावडे आणि कुऱ्हाड घेऊन गेलो. आजींना ते मेलेले झाड पाहावे लागू नये, त्या येतील तेव्हा कोपरा स्वच्छ असावा, असा माझा विचार होता. हेतू चांगला होता. पण मी त्यांना विचारले नव्हते.

फांद्या तोडून जाळल्या. मग मुळाभोवती खणले आणि बुंध्यावर घाव घातला. कुऱ्हाड बाहेर काढली, तेव्हा माझे हात थांबले. मातीखालच्या भागात सालीच्या आत ओलसर, फिकट हिरवे कडे चमकत होते. बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक कोंब होता. वरचे झाड मेले होते, मूळ जिवंत होते. तोवर मोठी मुळे तुटून गेली होती. मी बुंधा परत मातीत ठेवला, पाणी घातले, माती दाबली. काही उपयोग होणार नाही, हे मला तेव्हाच कळले होते. घरी आलो आणि कोणालाही काही बोललो नाही.

पुढच्या रविवारी आबांचा दूरध्वनी आला. मी थंडीचे बोललो, बर्फाचे बोललो, झाडाचे मात्र टाळले. आबांनी आवाजावरून ओळखले. "काय झालं रे?" त्यांनी विचारले. मग मी सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "तू लहान होतास. एका वर्षी थंडीच्या रात्री मला डुलकी लागली. शेकोट्या पेटवल्याच नाहीत. सकाळी पारावर मी सांगितलं, की शेकोट्या पेटवूनही मणी तडकले. लाज वाटली म्हणून खोटं बोललो. त्यावर विश्वास ठेवून दोघांनी पुढच्या थंडीत शेकोट्या केल्या नाहीत. त्यांचं नुकसान झालं." एवढे सांगून आबांनी विषय बदलला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मार्चच्या सुरुवातीला मळेकऱ्यांची बैठक झाली. मळ्याच्या फाटकाजवळ लाकडाची एक खोली होती. तिथे चहाची किटली, जुन्या खुर्च्या आणि एक जाड नोंदवही असे. दरवर्षी हिवाळ्यानंतर प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा आणि त्यातले ठळक मुद्दे वहीत उतरवायचे, अशी तिथली पद्धत होती. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वही लिहीत. त्यांनी १९६३ चा हिवाळा पाहिला होता. १९६२ च्या नाताळानंतर पडलेला बर्फ मार्चपर्यंत हटला नव्हता. जमीन इतकी घट्ट गोठली होती, की त्यातून एक पार्सनिपसुद्धा उपटता येत नव्हते, असे ते सांगत. पार्सनिप म्हणजे गाजरासारखे पांढरे कंद. थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि ते अधिक गोड लागतात. "जमीन सैल झाल्यावर खाल्लेले ते पार्सनिप मी अजून विसरलो नाही," असे म्हणून ते हसले.

मग एकेक जण बोलू लागला. उताराच्या तळाशी असलेल्यांचे नुकसान अधिक झाले होते. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोलगट जागेत साचते. त्यामुळे वरच्या मळ्यातील रोझमेरी वाचली, तर खालच्या मळ्यातील तीच जात गेली. एका बाईंनी सांगितले, की त्यांच्या बुटक्या झुडपांवर बर्फाची जाड रजई होती. ती झुडपे हिरवीगार निघाली. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते आणि ती ऊब धरून ठेवते. ज्यांनी कुंड्या उघड्यावर ठेवल्या होत्या, त्यांच्या झाडांची मुळे चहूबाजूंनी गोठली. कोणी फळझाडांवरच्या जाळीवरचा बर्फ वेळीच झाडला नव्हता. त्या भाराने खांबच वाकले. एकाने तर हसत हसत सांगितले, की आपली कोबीवर्गीय भाजी थंडीने नव्हे, तर भुकेल्या कबुतरांनी संपवली. लसूण लावणारा मात्र खूश होता. थंडी मिळाली, की लसणाच्या कांद्याला चांगल्या पाकळ्या धरतात.

ऐकता ऐकता मला आमचा पार आठवला. प्रत्येकाचा तुकडा वेगळा, माती वेगळी, वारा वेगळा. एकट्याच्या अनुभवावरून काहीच ठरत नाही. वीस जणांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवले, की थंडी कुठून येते आणि कुठे थांबते, याचा नकाशा तयार होतो. लहानपणी जिला मी बडबड समजत होतो, ती खरे तर आमच्या गावाची शाळा होती.

तेवढ्यात बे या झाडाचा विषय निघाला. तिघांनी आपली झाडे पूर्ण करपल्याचे सांगितले. वही लिहिणारे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "आजींचेही गेले ना? कोपरा मोकळा दिसला." मी मान हलवली. त्यांनी लिहायला सुरुवात केली, की हे झाड आपल्या उतारावर असा हिवाळा सोसत नाही, ते काढून टाकावे. ती तिघेही आता आपापली झाडे खणून काढणार, हे माझ्या लक्षात आले. मी गप्प राहिलो असतो, तर माझी चूक झाकली गेली असती आणि तीन जिवंत मुळांवर कुऱ्हाड पडली असती.

मी उभा राहिलो. "ते झाड थंडीने मेले नाही. मी मारले," एवढेच पहिले वाक्य मला सुचले. मग सगळे सांगितले. मी फक्त वरच्या फांद्या तपासल्या होत्या. जमीन गोठली, की मुळांना पाणी घेता येत नाही आणि पाने मात्र वाऱ्यात ओलावा गमावत राहतात. त्यामुळे झाड वरून वाळते. मातीखाली जीव टिकून असू शकतो. तो हिरवा थर मी पाहिला होता, पण घाव घातल्यानंतर. खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग त्या गृहस्थांनी आपली ओळ खोडली आणि नवी ओळ लिहिली : "जूनपर्यंत वाट पाहावी. बुंध्याची साल मातीजवळ तपासावी." खाली त्यांनी माझे नाव लिहिले. हे नाव कौतुकासाठी आहे की दोषासाठी, ते मला कळले नाही. बहुधा नुसत्या नोंदीसाठी होते.

आजींना सांगणे याहून अवघड होते. त्या घरी परतल्या होत्या. काठीच्या आधाराने चालत होत्या. माझे बोलणे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "विचारायला हवे होतेस." मला त्या एका वाक्यापेक्षा मोठी शिक्षा झाली नसती. मग त्यांनी विचारले, "बैठकीत सांगितलेस?" मी हो म्हणालो. त्यांनी हळूच मान हलवली आणि चहा ठेवायला उठल्या.

आजींच्या कोपऱ्यात मी परत पुरलेल्या बुंध्याला पालवी फुटली नाही. मे महिन्याच्या अखेरीस मात्र त्या तिघांपैकी दोघांच्या झाडांना मातीलगत तांबूस-हिरवे कोंब आले. तिसरे झाड आलेच नाही. ते खरोखरच गेले होते. वाट पाहिल्याने सगळे वाचते, असे नाही. पण जे वाचणार असते, ते आपल्या घाईने मरू नये, एवढे तर आपल्या हाती असते. त्या उन्हाळ्यात वरच्या मळ्यातील एकाने आपल्या झाडाचे मुळासकट निघालेले एक फुटवे आजींना आणून दिले. ते लावायला त्यांनी मला बोलावले. खड्डा मी खणला. रोप त्यांनी आपल्या हाताने ठेवले.

आज मी भारतात आहे. निफाडची थंडी अजून तशीच येते. पारावर बसून कोणी आपले नुकसान सांगू लागले, की मी कान देऊन ऐकतो. यश सांगणारे पुष्कळ असतात. त्यातून आनंद मिळतो. चूक सांगणाऱ्याकडून मात्र दुसऱ्याची बाग वाचते. शेफिल्डच्या त्या लाकडी खोलीतली नोंदवही कुठे असेल, कोण जाणे. पण तिच्यातील त्या एका ओळीखाली माझे नाव आहे, याचे आता मला वाईट वाटत नाही.