बुधवारच्या रात्रीचे कालवण : एका भांड्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास

#धागा

१/
आठवड्याच्या मधल्या रात्री, एकाच भांड्यात, अर्ध्या तासात होणारे दाट, मलईदार माशाचे जेवण ही आजच्या धावपळीची निर्मिती आहे, असा समज आहे. कोकण आणि गोव्याच्या स्वयंपाकघरांना ही कल्पना मुळीच नवी नाही. बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवण, गोव्यातले हुमण, हे नेमके हेच जेवण. प्रश्न एवढाच की ते इतके सोपे कधी झाले, आणि कोणामुळे?

२/
आधी कृती पाहू, कारण इतिहास तिच्यातच दडलेला आहे. ओले खोबरे, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, हळद, थोडे धणे यांचे गंधासारखे बारीक वाटण करावे. ते पाण्यासह भांड्यात घालून उकळी आणावी. मग ठेचलेली तिरफळे, कोकम, मीठ आणि शेवटी बांगड्याचे तुकडे. सहा-सात मिनिटांत मासा शिजतो. उतरवताना चमचाभर कच्चे खोबरेल. फोडणी नाही, म्हणून दुसरे भांडे नाही.

३/
या रसात दुधाचा थेंबही नसतो, तरी तो साईसारखा दाट लागतो. ओल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो. बारीक वाटताना त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात आणि खोबऱ्यातील प्रथिने त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतात. रस फार वेळ खळखळून उकळला की ही मांडणी मोडते आणि तेल वेगळे होते. घरातली वडीलधारी माणसे याला ‘रस फुटला’ म्हणतात. मंद आच ही रसायनशास्त्राची अट आहे.

४/
मासा शेवटी का? माशाच्या स्नायूंना जोडणारे तंतू मटणाच्या मानाने फार लवकर विरघळतात. म्हणून तो मिनिटांत शिजतो आणि तितक्याच सहज मोडतो. जाणत्या सुगरणी मासा घातल्यावर कालवणात पळी फिरवत नाहीत. भांडेच दोन्ही हातांनी धरून हलकेच हिंदकळवतात. मासा एका भांड्यातून दुसऱ्यात हलवणे म्हणजे त्याचा चुरा करणे. एक भांडे हे आळसातून आलेले नाही, माशाच्या देहधर्मातून आलेले आहे.

५/
आता नारळ. नाशिकच्या पांडवलेणीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत; इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले. त्याच्या दानांच्या नोंदींत गाई, सोने, घाट, धर्मशाळा आहेत आणि नारळाची झाडेही आहेत. एका लेखात चिखलपद्र गावची आठ हजार नारळाची झाडे दान दिल्याचा उल्लेख आहे. दान देण्याइतकी, मोजून लिहून ठेवण्याइतकी नारळाची बाग ही तेव्हाच संपत्ती होती. कालवणातला पांढरा रस किमान इतक्या जुन्या लागवडीचा वारस आहे.

६/
मासा राजाच्या ताटातही होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ.स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झाला. त्यात माशांचे प्रकार, गळ टाकून मासेमारी करण्याची करमणूक आणि मासे शिजवण्याच्या रीती यांची वर्णने आहेत. त्या स्वयंपाकात तिखटपणा आहे, पण तो मिरीचा. लाल मिरची या भूमीत पोहोचायला अजून जवळजवळ चार शतके होती.

७/
मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५०० मध्ये काब्रालचा काफिला ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून पुढे भारतात आला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. या सागरी वाटेने मिरची आली आणि अशी रुजली की आज लाल रसावाचून कालवणाची कल्पनाही करवत नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द उच्चारताना हे लक्षात ठेवावे : ताटातील सर्वांत पारंपरिक वाटणारा रंग हा सर्वांत उशिरा आलेला पाहुणा आहे.

८/
आंबट आणि सुगंध मात्र घरचे. कोकम आणि तिरफळ ही पश्चिम घाटाच्या परिसरातली झाडे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. त्यात कोकमाची दखल ‘ब्रिंदाँव’ या नावाने आहे. म्हणजे एका भांड्यात तीन काळ एकत्र उकळतात : घाटाचे रान, किनाऱ्याची बाग आणि समुद्रापलीकडचे शेत.

९/
एवढे झाले तरी जेवण ‘सोपे’ नव्हते. कारण वाटण पाट्यावर होत असे. खोबरे आणि मिरच्या वरवंट्याखाली पुढे लोटायच्या, मागे ओढायच्या, पाण्याचा हात लावून पुन्हा लोटायच्या. रस गुळगुळीत हवा तर खांदे भरून यायलाच हवेत. मिरचीने हात जळत, ते वेगळेच. पाटा झिजला की त्याला टाकी लावून देणारे कारागीर दारोदार फिरत. दगड झिजल्याचे सर्वांना कळे. मनगट झिजल्याची नोंद कोणी ठेवली नाही.

१०/
मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढे गिरणगाव उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून खोल्यांत दाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच, त्याही आपल्या राहत्या खोलीतच. ‘एका भांड्यातले जेवण’ ही त्यांची हौस नव्हती. जागा एक, चूल एक, पाणी मोजके आणि पाळी सुटण्याची वेळ ठरलेली.

११/
या स्त्रियांना कर्ज हवे तर सावकार. आणि त्यांच्या कामाला ‘काम’ म्हणायला कोणी तयार नसे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि खाणावळवाल्या बायांना संघटित करून बँकेच्या दारापर्यंत नेले. गिरणी कामगारांच्या लढ्यांचा इतिहास आवर्जून वाचला जातो. त्या लढ्यांतील कामगारांचे रोजचे ताट कोणी भरले, हा त्याच इतिहासाचा अर्धा भाग आहे.

१२/
मग सोपेपणा आला तो यंत्रांच्या पावलांनी. १९५५ पासून मुंबईत घरगुती गॅस मिळू लागला. आच मंद करणे म्हणजे लाकूड मागे ओढणे नव्हे, तर चावी फिरवणे झाले. १९६० च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर आला आणि पाट्यावरचे सारे कष्ट काही मिनिटांच्या घरघरीत मावले. पाटा-वरवंटा हळूहळू गॅलरीत, मग कुंडीखाली गेला. नोकरी करणाऱ्या पहिल्या पिढीच्या स्त्रियांना संध्याकाळचा जो थोडा वेळ मिळाला, त्यात या यंत्रांचा वाटा मोठा होता.

१३/
तरी सगळे श्रम नाहीसे झाले नाहीत. काही फक्त दृष्टीआड गेले. १८७५ मध्ये खुल्या झालेल्या ससून डॉकवर आजही पहाट होण्याआधी मासळीचा व्यवहार सुरू होतो. तिथून टोपली घेऊन बाजारात बसणारी कोळीण बांगडा साफ करून, तुकडे करून हातात देते. खरेदीदाराची वाचलेली दहा मिनिटे ही तिच्या कोयत्यावर खर्च झालेली असतात. भावात घासाघीस करताना ती दहा मिनिटेही हिशेबात धरायला हवीत.

१४/
आणि शेवटी समुद्राचा हिशेब. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ. त्यानंतर नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो. २०२३ मध्ये पापलेटला ‘राज्यमासा’ घोषित करावे लागले, ते त्याची घटती संख्या पाहून. हाताच्या पंजापेक्षा लहान पापलेट ताटात घेणे म्हणजे पुढच्या वर्षीचे ताट आजच उष्टे करणे.

१५/
राजांचे दान दगडावर कोरले गेले, वैद्याचा ग्रंथ छापला गेला. वाटण वाटणाऱ्या हातांचा लेख कोठेही नाही. तो फक्त आठवणींत आहे आणि आठवणी नाशवंत असतात. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी घरातील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीला एवढेच विचारावे : पाटा कोठून आणला होता, वाटणाला किती वेळ लागे, आणि घरात पहिला मिक्सर कोणत्या साली आला? उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. ते अस्सल साधन आहे.

— धागा समाप्त —