फ्लाइट मोड

‘कॅमेरा कुठाय?’ बाबांचा पहिला प्रश्न. मी खिशातून मोबाइल काढून दाखवला.

‘ह्यात पिक्चर?’ ते मनसोक्त हसले.

तर झालं असं, की २०२२ मध्ये सचिन कुंडलकरचा ‘पाँडिचेरी’ आला. सई ताम्हणकर, वैभव तत्त्ववादी, अमृता खानविलकर... आणि अख्खा सिनेमा मोबाइलवर शूट केलेला! झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला. नेटवर खोदकाम केलं. शॉन बेकरचा ‘टँजरीन’ आयफोन ५एसवर शूट झालेला, २०१५ मध्ये थेट सनडान्सला. कोरियाच्या पार्क बंधूंच्या ‘नाइट फिशिंग’ला २०११ मध्ये बर्लिनला शॉर्टफिल्मचं गोल्डन बेअर, तोही आयफोनवरचाच. म्हटलं, फोन तर आपल्याकडेही आहे की! ईएमआय चालू आहे, पण आहे. (टँजरीनवाल्यांनी फोनला खास लेन्स लावली होती, आवाज वेगळा रेकॉर्ड केला होता. हा भाग मी सोयीस्करपणे वाचलाच नाही.)

शुक्रवारी रात्री डहाणू लोकल पकडली, बोईसरला उतरलो आणि रिक्षानं पामला घरी. हीरो ठरलेला : बाबा. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयुष्यभर तीन शिफ्टमध्ये राबलेला माणूस. लहानपणी मला ते झोपलेलेच जास्त आठवतात. दुपारी घरात आवाज करायचा नाही, हा आमचा कायदा. आमच्यात गप्पा अशा कधी झाल्याच नाहीत.

आणि इथे मोबाइलची खरी गंमत कळली. मोठा कॅमेरा, लाइट्स, चार माणसं असती तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले असते. फोन मात्र मी ओट्यावर, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पाच मिनिटांत ते विसरले. सुपारी कातरत बोलायला लागले. बॉयलरचा आवाज, रात्रपाळीचा चहा, सायकलवरून भिजत घरी येणं... मी गप्प. नुसता ऐकत होतो.

मग अचानक म्हणाले, ‘त्या रात्री खरं तर माझी ड्युटी होती. तू तापानं फणफणला होतास, म्हणून मी त्याला म्हटलं, आज तू जा माझ्याऐवजी...’

आणि फोन वाजला.

बॉस. शनिवारी सकाळी! फ्लाइट मोड टाकायचा राहून गेला होता. मोबाइलवर शूट करणारे कुठलेही पोरगे पहिली टिप हीच देतात. पण खरी चूक ती नव्हतीच. मी कॉल घेतला. ‘येस सर’ म्हणत अंगणात गेलो. सोमवारच्या प्रेझेंटेशनच्या दोन स्लाइड्स होत्या फक्त.

परत आलो तर ओटा रिकामा. बाबा मागं नारळाला पाणी घालत होते.

‘बाबा, ते पुढचं सांगा ना.’

‘काही नाही रे. झालं ते.’

नंतर तीन वीकेंड गेलो. फ्लाइट मोड, एक्स्पोजर लॉक, सगळं परफेक्ट. बाबा नारळ, पाऊस, लोकलची गर्दी, सगळ्यावर बोलले. त्या रात्रीवर नाही.

फिल्म ११ मिनिटांची झाली. ती ‘माझ्याऐवजी’वरच तुटते. मित्रांना वाटलं, मुद्दाम केलंय. ‘काय एंड आहे यार!’ मी खुलासा केला नाही.

घरी टीव्हीवर लावली तेव्हा बाबा मध्येच उठून अंगणात गेले. आई शेवटपर्यंत बसली. स्क्रीन काळी झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं.

‘तुला माहितीये ना पुढचं?’

तिनं मान हलवली. ‘त्यांनाच विचार,’ म्हणाली. ‘पण तो फोन इथंच ठेवून जा.’