मेंटॉर असावा तर असा!

हल्ली ऑफिसात मेंटॉर 'अलॉट' होतो. एचआरचा मेल येतो, महिन्यातून एकदा कॉफी, दोन-चार टिप्स, वर्षाअखेरीस एक फॉर्म. संपलं! मलाही असा एक मिळाला. माणूस अगदी भला, पण त्याच्या प्रत्येक सल्ल्याचं सार एकच : 'कशाला उगाच रिस्क?' कदाचित म्हणूनच बेंजामिन मेज यांचं 'बॉर्न टू रिबेल' हे आत्मचरित्र हातात आलं, तेव्हा ते खाली ठेववेना.

मेज म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू. बाप्टिस्ट पाद्री आणि पक्के मास्तर. जन्म १८९४चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातला. आईवडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. लहानग्या बेंजामिनच्या मनात कायमची रुतलेली आठवण १८९८ची. बंदुका घेतलेले गोरे घोड्यांवरून आले आणि त्यांनी त्याच्या वडिलांना टोपी काढून वाकायला लावलं. पुन्हा पुन्हा. शाळा वर्षातून जेमतेम चार महिने, बाकी कापसाचं शेत. हायस्कूल संपेस्तोवर विशी उलटली होती. पण गडी थांबला नाही. रेल्वेत पोर्टरचं काम केलं, चर्च सांभाळलं, गणित शिकवलं आणि १९३५मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

आता आपल्या मातीतला धागा. १९३६ सरता सरता मेज भारतात आले, म्हैसूरच्या वायएमसीए परिषदेसाठी. वाटेत वर्ध्याला गांधीजींना भेटले. अहिंसेबद्दल विचारलंच, पण आणखी एक प्रश्न टाकला. तुम्ही अस्पृश्यतेविरुद्ध लढता, मग जातिव्यवस्थेविरुद्धच का नाही? त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे न झालेलं भाषण स्वतः छापलं होतं. म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाद्र्याने बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं!

मग म्हैसूरकडचा प्रसंग. अस्पृश्यांच्या एका शाळेत हेडमास्तरांनी पाहुण्यांची ओळख करून दिली ती 'अस्पृश्य' म्हणूनच. एक अस्पृश्य कुठवर पोचू शकतो, बघा मुलांनो! मेज आधी चपापले, थोडे दुखावलेही. नंतर विचार करता करता त्यांना पटलं, की आपल्या देशात आपण अगदी तेच आहोत. पीएच.डी. असली तरी.

१९४०मध्ये ते अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. कृष्णवर्णीय मुलांचं कॉलेज, तिजोरीत खडखडाट. फी वसूल करण्यात साहेब इतके कडक, की पोरांनी त्यांचं नावच पाडलं 'बक बेनी'. महायुद्धामुळे विद्यार्थी घटले, तेव्हा कमी वयाच्या हुशार मुलांनाही प्रवेश मिळू लागला. १९४४मध्ये असाच एक पंधरा वर्षांचा मुलगा आला. मार्टिन.

मेज दर मंगळवारी सकाळी चॅपलमध्ये मुलांशी बोलत. इतर पोरं बोलणं संपताच पसार, हा मात्र मागे थांबून वाद घालायचा. आणि अध्यक्षसाहेब त्याच्याशी वाद घालायचे! त्याला 'नंतर ये' म्हटलं असतं तर? वडील पाद्री असूनही मार्टिनला तेव्हा धर्मोपदेशक होण्याची ओढ नव्हती. चर्चमध्ये भावनेचा कल्लोळ फार, विचार कमी, असं त्याला वाटे. विद्वान माणूसही पाद्री असू शकतो, हे त्याने मेज यांच्याकडे बघून ओळखलं.

खरी कसोटी १९५६मध्ये लागली. माँटगोमेरीचा बस बहिष्कार ऐन भरात होता. किंग यांच्यावर खटला भरला गेला, परत गेलं की अटक ठरलेली. अटलांटात वडिलांनी घरी जाणती मंडळी जमवली, पोराला समजवा म्हणून. काळजी खोटी नव्हती. घरावर आधीच बॉम्ब पडला होता. बहुतेकांचं मत 'जाऊ नकोस'. मार्टिन म्हणाला, माझ्या माणसांना सोडून मी राहू शकत नाही. खोलीत शांतता. आणि मग मेज त्याच्या बाजूने बोलले.

मला हा क्षण सगळ्यात अवघड वाटतो. 'जा' म्हणणं सोपं असतं, जाणारा आपल्याला प्रिय नसेल तर. इथे तर पोटच्या पोरासारखा विद्यार्थी होता. पण ज्याने वर्षानुवर्षं स्वाभिमान शिकवला, तो ऐन वेळी 'जपून राहा' म्हणाला असता, तर आधीच्या सगळ्या मंगळवारांना अर्थ काय उरला असता?

त्या 'जा'ची किंमत दोघांनाही ठाऊक होती. ९ एप्रिल १९६८. मोरहाउसच्याच आवारात किंग यांची अंत्ययात्रा थांबली आणि सत्तरी ओलांडलेले मेज एकोणचाळीस वर्षांच्या शिष्याला निरोप द्यायला उभे राहिले. आपल्याच मुलावर बोलण्यासारखं हे आहे, असं ते म्हणाले. आणि बोलले.

त्यानंतर कुणी आरामखुर्चीत बसलं असतं. मेज अटलांटाच्या स्कूल बोर्डाचे अध्यक्ष झाले, १९७० ते १९८१. गोऱ्या-काळ्या मुलांच्या एकत्र शाळांचा कटकटीचा प्रश्न अंगावर घेऊन! १९८४मध्ये ते गेले.

माझा मेंटॉर अजूनही कॉफी पाजतो, छान गप्पा मारतो. पण एखादा कठीण निर्णय समोर आला, की त्याचं उत्तर मला आधीच माहीत असतं. अशा वेळी मी त्या खोलीतल्या शांततेचा विचार करतो.