निवटी

परवा लेक खाडीवरून आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात माखून. एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलंय, प्रोजेक्ट ठाणे खाडीतल्या माशांवर. दारातूनच ओरडली, "बाबा, आज भरपूर निवट्या दिसल्या!"

मला आई आठवली. मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूला राहायचो आम्ही. कोळीण पाटीतून जिवंत निवट्या आणायची. आई त्या राखेत चोळून बुळबुळीतपणा काढायची आणि झणझणीत कालवण करायची. मग एका वर्षी कालवणाला रॉकेलसारखा वास आला. आईने पातेलं ओतून दिलं आणि पुन्हा कधी निवटी घेतली नाही.

"म्हणजे खाडी सुधारली म्हणायची," मी म्हटलं.

लेक हसली. निवटी पाण्याबाहेर हवेतूनही श्वास घेते, ओल्या कातडीतून आणि तोंडातून. पाण्यातला प्राणवायू संपला तरी ती चिखलावर मजेत उड्या मारते. त्यामुळे ती दिसली म्हणून पाणी चांगलं असं नाही. फ्लेमिंगोंचंही तेच. २०१५ साली खाडीला अभयारण्य केलं, २०२२ साली रामसर यादीत नाव आलं, आपण हौसेने फोटो काढतो. पण ज्या शेवाळावर ते पक्षी जगतात ते आपल्याच सांडपाण्यावर पोसलं जातं. खरी परीक्षा फक्त पाण्यातच श्वास घेणाऱ्या माशांची.

(जाता जाता: निवटीच्या शास्त्रीय नावात दुसुमिए नावाचा फ्रेंच व्यापारी आहे, आणि आपल्या मांदेलीच्याही. आपण खातो तेव्हा कोणाला ठाऊक असतं!)

जेवणानंतर तिने बाटल्या मांडल्या. नमुना घेतानाच त्यात रसायनं घालून ठेवली होती. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. मी लांबूनच ओळखलं. विंकलरची पद्धत.

खाडीपलीकडे एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं हीच टेस्ट केली. १९९९ साली ऐरोलीचा पूल झाला, त्याआधी ठाण्याला वळसा घालून जायचो. आकडा मी कधी खोटा लिहिला नाही. फक्त नमुना कुठून आणि किती वाजता घ्यायचा ते साहेब ठरवायचे. रात्रपाळीला नाल्याचा रंग काय असतो ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दोन मुलांच्या फिया भरायच्या होत्या. असो.

ठाण्याच्या बांदोडकर कॉलेजातल्या लोकांनी नव्वदच्या दशकात खाडीच्या चिखलात उतरून अभ्यास केला, ते निबंध तिच्या टेबलावर आहेत. तुलनेला आणखी जुने आकडे हवेत म्हणते. माझ्या डायऱ्या माळ्यावर आहेत हे तिला आईने सांगितलं.

"बाबा, देता का? कधीपासूनच्या आहेत?"

"आहेत," मी म्हटलं. "पण ते आकडे वापरू नकोस."

"का?"

मी तिला जवळ बसवलं.