नमुन्यात नाही, म्हणजे गाठीत नाही?

२०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. हा आकडा मी केवळ आकडा म्हणून वाचला होता. पुढे माझ्या मावशीची बायोप्सी झाली.

पहिला अहवाल आला : कर्करोग नाही. घरात पेढे वाटले गेले. दोनच दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी सुचवली. मावशी म्हणाली, "अगं, रिपोर्ट चांगला आलाय ना? मग परत सुई कशाला?" तिच्या वतीने वाद घालायला मीच पुढे झाले.

डॉक्टरांनी मॅमोग्राफीचे चित्र समोर ठेवले. गाठीच्या कडा काटेरी होत्या; अहवालात मात्र साधी तंतुमय ऊती. दोहोंचा मेळ बसत नव्हता. मी ओशाळले. प्रयोगात कण सापडला नाही, तर 'कण अस्तित्वात नाही' असे आम्ही भौतिकशास्त्रज्ञ लिहीत नाही. आमच्या उपकरणाला किती दिसू शकत होते, ते आधी सांगतो. इथे तर सुमारे दोन मिलिमीटर जाडीची सुई गाठीच्या मोजक्याच भागांतून गेली होती.

त्या रात्री मी काल्पनिक आकडे घेऊन हिशेब मांडला. समजा, असे चित्र असलेल्या १०० स्त्रियांपैकी ८० जणींना कर्करोग आहे आणि सुईकडून १०० पैकी ५ कर्करोग निसटतात. मग ८० पैकी ४ जणींचा अहवाल चुकून चांगला येईल, उरलेल्या २० जणींचा खरोखरच चांगला. म्हणजे २४ चांगल्या अहवालांपैकी ४ फसवे, सहांत एक. हेच चित्र कमी संशयास्पद असते आणि १०० पैकी १० जणींनाच कर्करोग असता, तर तीच सुई वापरूनही हे प्रमाण सुमारे १८० मध्ये एक झाले असते. म्हणूनच बहुतेकींना दुसऱ्या बायोप्सीची गरज पडत नाही. चित्राशी न जुळणारा अहवाल आला, तर मात्र ती टाळू नये.

दुसऱ्या खेपेस अधिक ऊती काढली गेली. निदान झाले : जुन्या मारामुळे मेदपेशी मरून बनलेली गाठ. कर्करोग नव्हताच, आणि या वेळी काटेरी कडांचेही कारण मिळाले.

"उगाच त्रास झाला," असे नातेवाईक म्हणाले. मला ते पटत नाही. निर्णयाची पारख निकालावरून करायची नसते, तो घेताना हाती काय माहिती होती यावरून करायची असते. तुमच्या घरी असा अहवाल आला, तर एवढे अवश्य विचारा : हा चित्राशी जुळतो का?

मावशीने सहा महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.