कोळशाच्या खुणा

आमच्या आळीत पहिली बांग आक्कांच्या तांबड्याची. चांदण्या अजून ठसठशीत असतात, कृष्णेकडून येणाऱ्या वाऱ्यात गारठा असतो, आणि त्या अंधारात तो एकदाच, लांबलचक, शेवटाला किंचित घोगरा होत आरवतो. मग सगळं शांत. आपण कूस बदलतो न बदलतो तोच पलीकडच्या काकींचा कबरा, त्याच्या मागोमाग नानींचा पांढऱ्या मानेचा, आणि सगळ्यांत शेवटी आमचा, जरा घाईत. अंथरुणात पडल्या पडल्या कळतं की चारी घरं जागच्या जागी आहेत.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही, हे डालग्याखालून आलेल्या बांगेनं मला कितीदा तरी सांगितलं आहे. २०१३ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी कोंबडे कायम मंद उजेडात ठेवून पाहिले. दिवस उगवल्याची काहीच खूण बाहेरून मिळत नसताना ते आपल्या वेळेला आरवत राहिले. पहाट त्यांच्या आतच असते. दोन वर्षांनी तिथूनच पुढची गोष्ट कळली : कळपात जो सर्वांत वरचढ तो आधी आरवतो, बाकीचे आपापल्या पायरीनं त्याच्यामागून. हे मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग? तांबडा उगाच का पहिला बोलतोय?"

वाईच्या अलीकडे, उसाच्या आणि हळदीच्या रानांमधलं हे गाव. आमच्या आळीत सहा घरांत कोंबड्या आहेत. कुणाकडे चार, कुणाकडे पंधरा. सगळ्या गावठी, मध्येच एखादी वनराजा किंवा गिरिराज, बचत गटातून आलेली, अंगानं थोराड आणि स्वभावानं भोळी. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही लहान. हिशेबाच्या वहीत हा धंदा बसत नाही. पण कोंबडीला घरच्या उष्ट्याखरकट्यावर, कणीवर, परसातल्या किड्यामुंग्यांवर जगता येतं, आणि तिच्या अंड्याचा पैसा ओट्यावरच बाईच्या हातात पडतो. उसाचं बिल दादल्याच्या खात्यात जमा होतं. अंड्याचे पैसे मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीखाली राहतात. लेकीच्या वह्या, माहेरी जायचं एसटीचं भाडं, आजारी जावेसाठी शहाळं, हे सगळं त्या वाटीखालून निघालेलं मी पाहिलं आहे.

आणि या सहा घरांतल्या कोंबड्या सहा घरांच्या आहेत, असं म्हणणं कठीण आहे. अंडं उसनं देता येतं, आणि परत येतं तेव्हा कधी कधी त्याला पाय फुटलेले असतात. ज्या घरी कोंबडा नाही तिथली अंडी खायला चालतात, उबवायला नाहीत. म्हणून कोंबडी खुडूक झाली की ती बाई आपली अंडी पदरात घेऊन कोंबडा असलेल्या घरी जाते आणि बदलून आणते. एकीकडे खुडूक कोंबडी असते पण अंडी नसतात, दुसरीकडे अंडी साठलेली असतात पण बसणारी कोंबडी नसते. मग टोपलीसकट कोंबडीच शेजारी जाते. अर्धलीनं दिलेल्या कोंबड्या तर आळीभर आहेत : कोंबडी एकीची, दाणापाणी दुसरीचं, पिल्लं निम्मी निम्मी. एखादं पिल्लू जास्तीचं निघालं तर ते राखणारीचं. यावरून भांडण झालेलं मी अजून ऐकलं नाही. पायाला बांधलेल्या रंगीत चिंध्यांवरून कोणती कुणाची ते ओळखायचं, आमच्या हिरव्या.

संध्याकाळी दिवेलागणीला आळीत वेगळाच गलका असतो. "तीऽ तीऽ तीऽ" अशी प्रत्येकीची हाक, पण सूर वेगवेगळा. नानींचा पातळ, काकींचा खणखणीत. कोंबड्या आपापल्या सुराकडे धावतात. एखादी कमी भरली की कुंपणावरून विचारणा होते, आणि कुठूनतरी उत्तर येतं, "माझ्या खुराड्यात शिरलीया, ऱ्हाऊंद्या आजच्या रात." नवी कोंबडी कळपात घालायची ती दिवसाउजेडी कधीच नाही. रात्री, सगळ्या पेंगत असताना, हळूच मधे ठेवून फळी लावायची. सकाळी चोची बसतातच, पण रक्त निघत नाही. कोंबड्यांमधल्या या चोचीच्या मानपानाचा पहिला शास्त्रीय अभ्यास थोरलीफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या माणसानं केला. लहानपणापासून तो कोंबड्यांजवळ बसून कोण कुणाला टोचतं हे टिपून ठेवत असे, आणि १९२१ साली त्याचा प्रबंध झाला. त्या मुलाबद्दल मला फार माया वाटते. आमच्या नानींची नात तशीच खुराड्यासमोर तासन् तास बसते.

घारीच्या वेळी तर सगळी आळी एक होते. कोंबडी घारीसाठी वेगळा आवाज काढते आणि जमिनीवरून येणाऱ्या मुंगसासाठी वेगळा. घारीचा आवाज बारीक, ताणलेला. तो आला की पिल्लं जिथल्या तिथं आईखाली नाहीतर झुडपात घुसतात. मुंगूस दिसलं की नुसता कलकलाट. हे दोन्ही आवाज आमच्या बायका हातातलं काम न थांबवता ओळखतात. "घार!" अशी एकीची आरोळी, आणि सहा दारांतून सहा जणी बाहेर. कुणाच्या हातात उलथनं, कुणाच्या हातात ताट, कुणी नुसतीच टाळ्या वाजवत. पिल्लं कुणाची हे त्या घडीला कुणी विचारत नाही.

मागच्या वैशाखात एका पहाटे मी जागी झाले आणि कशानं जागी झाले ते कळेना. मग कबरा आरवला. पहिला तोच. तांबडा बोललाच नव्हता.

उजाडायच्या आत आम्ही चौघी आक्कांच्या कुंपणाशी उभ्या होतो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आक्का खुराड्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच हात वर केला, "आत येऊ नगा गं. मानमोडी हाय."

तांबडा मान वळवून, पंख पसरून एका अंगावर पडला होता. दोन तलंगा अंग फुलवून कोपऱ्यात. विष्ठा हिरवट पांढरी. ज्यांनी एकदा पाहिलं आहे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. या रोगाला पुस्तकात राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या त्या देखण्या डोंगरी गावावरून. बाहेरचं जग त्याला इंग्लंडातल्या न्यूकॅसल शहराच्या नावानं ओळखतं. एकदा लागला की त्यावर औषध नाही, आधी लस देणं एवढंच हाती असतं. हवेनं, दाण्यानं, पाण्याच्या भांड्यानं, चपलेच्या तळाला लागलेल्या घाणीनंसुद्धा तो पसरतो. आक्कांनी चार दिवसांपूर्वी बाजारातून एक कोंबडी आणली होती.

लशीची गोष्ट इथं सांगायला हवी, कारण ती मला आजही टोचते. पाच-सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटाचा एक थेंब घालायचा, आणि दोन महिन्यांच्या सुमाराला दुसरी लस पंखात टोचायची. कुपी असते शंभर-दोनशे डोसांची. बर्फावरून आणायची, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. आता आठ-दहा पिल्लांसाठी एकटी बाई कशी आणणार ती? म्हणून आळीनं एक दिवस ठरवायचा असतो. कुणीतरी थर्मास घेऊन तालुक्याला जातं, आणि त्या संध्याकाळी दारोदार, बॅटरीच्या उजेडात, एकजण पिल्लू धरते, दुसरी थेंब सोडते. पिल्लू डोळा मिटतं, उघडतं, की झालं. त्या चैत्रात दिवस ठरवायचं माझ्याकडे होतं. लग्नसराई आली, एकीचा भाचा, दुसरीची पुतणी, मी म्हटलं पुढच्या आठवड्यात. तो पुढचा आठवडा गेला तो गेलाच.

पाच दिवसांत आक्कांच्या चौदा कोंबड्या गेल्या. एकही उरली नाही.

त्या पाच दिवसांत त्यांच्या अंगणात कुणी पाऊल टाकलं नाही, त्यांनीच टाकू दिलं नाही. आपापल्या कोंबड्या आम्ही डालग्याखाली कोंडल्या. आळीत बोलणं चालायचं ते कुंपणावरून, दहा हातांवरून. भाकरी-कालवण दगडावर ठेवून यायचं, त्यांनी मागाहून घ्यायचं. मेलेल्या कोंबड्या त्यांनी स्वतः खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरल्या. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा तिकडे भोवतालच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. आक्कांनी त्या वेळी टीव्हीवर एक म्हातारी पाहिली होती, रिकामं डालगं घेऊन बसलेली. तिची आठवण त्यांनी त्या दिवसांत दोनदा काढली. स्वतःबद्दल काही बोलल्या नाहीत. मी कुंपणाशी जाऊन एवढंच म्हणाले, "आक्का, माझ्याच्यानं लशीचा दिवस चुकला." त्या म्हणाल्या, "तुझ्याच्यानं काय, सगळ्यांच्या घरी मांडव हुते." आणि मग पुष्कळ वेळानं, "पर आता चुकवू नगंस."

आमच्या बाकीच्या पाच घरांत रोग आला नाही. त्याचं कारण आक्कांचा तो वर केलेला हात, असं मी मानते.

खुराडं त्यांनी खरवडलं, चुन्यानं दोनदा सारवलं, फळी उन्हात टाकली. डालगं जाळून टाकलं आणि बुरुडाकडून नवं घेतलं. दीड महिना तसंच रिकामं. पहाटे कबरा पहिला आरवायचा, पण मला त्याआधीच जाग यायची, आणि तेवढा वेळ फार मोठा वाटायचा.

आषाढ लागताना काकींची काळी खुडूक बसली. काकींनी ती उचलली आणि नव्या डालग्याखाली आक्कांच्या पडवीत नेऊन ठेवली. टोपलीत भाताचं तूस, त्यावर जुनं लुगडं, आणि विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून कडेला लोखंडाचा खिळा. मग एकेक घरून अंडी आली. नानींची तीन, काकींची तीन, माझी दोन, बाकीची उरलेल्या दोन घरांतली, अशी मिळून तेरा. उबवणाऱ्या टोपलीत दुसरी कुठली कोंबडी मागाहून अंडं घालून जाऊ शकते, ते ओळखावं म्हणून आधीच्या अंड्यांवर कोळशानं खूण करायची पद्धत आहे. नानींनी फुल्या केल्या, काकींनी गोल, माझ्या अंड्यांवर मी एकेक उभी रेघ ओढली. नात लांबून बघत होती. तिला एका अंड्यावर डोळे काढायचे होते, ते काढून दिले.

एकवीस दिवस काळी बसली. दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, आणि आपण हाक मारेपर्यंत परत टोपलीत. आठव्या रात्री आम्ही एकेक अंडं मोबाइलच्या उजेडापुढे धरलं. आत लाल शिरांचं जाळं, मधे एक काळा ठिपका, हलणारा. दोन अंडी नितळ निघाली, ती काढली. त्यातलं एक माझं होतं. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, आणि आम्ही चौघी एका अंड्याभोवती वाकून श्वास धरून उभ्या. आक्कांनी ते परत ठेवताना काळीनं त्यांच्या बोटाला चोच मारली. आक्का किती तरी दिवसांनी हसल्या.

विसाव्या दिवशी अंड्याला कान लावला तर आतून बारीक चिवचिव, आणि वरून काळीचं घशातलं उत्तर. पहिलं पिल्लू एकविसाव्या पहाटे बाहेर आलं, शेवटचं दुसऱ्या दिवशी दुपारी. आधी आलेल्यांना तोवर भूक नसते. टरफल फोडण्याआधी बलक पोटात ओढून घेतलेला असतो, ती दोन-तीन दिवसांची शिदोरी. आई उठत नाही, पिल्लंही उठत नाहीत, मागं राहिलेल्यांची वाट बघतात. अकरा अंड्यांतून दहा पिल्लं.

सहाव्या दिवशी मी थर्मास घेऊन तालुक्याला जाऊन आले. संध्याकाळी आळीतली सगळी पिल्लं झाली, आक्कांची सगळ्यांत आधी. त्या धरत होत्या, मी थेंब सोडत होते.

आक्कांच्या दहा पिल्लांतले तीन कोंबडे निघाले. एक तांबूस आहे. मार्गशीर्षात एका पहाटे, कबरा आरवून गेल्यावर, आक्कांच्या परसातून एक चिरका, अर्धवट तुटलेला आवाज आला. सकाळी नळावर वाद. नानी म्हणतात त्यांच्या फुलीचा, काकी म्हणतात गोलाचा, तुरा बघा की. मला वाटतं माझ्या रेघेचा असेल. आक्कांना विचारलं, तर त्यांनी परसातल्या कढीलिंबाकडे बोट केलं. टरफलं त्यांनी चुरून त्याच्या बुडात घातली होती. नात खाली वाकून बघत होती. मातीत पांढरे तुकडे अजून दिसत होते. एकावर कोळशाचा अर्धा डोळा होता, तो तिनं उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला.